सिटिझन्स बँडचा ऱ्हास आणि नियमनाच्या शैथिल्याचा प्रश्न

अमेरिकेतील सिटिझन्स बँड रेडिओच्या ऱ्हासाची मीमांसा करताना एक कारणपरंपरा पुनःपुन्हा पुढे केली जाते. सरकारने नियम सैल केले. नियम सैल झाल्यामुळे वाटेल तो बोलू लागला. वाटेल तो बोलू लागल्यामुळे गोंगाट माजला. आणि गोंगाट असह्य झाल्यामुळे ज्यांच्यापाशी काही सांगण्यासारखे होते ते उठून गेले. ही परंपरा ऐकावयास पटणारी आहे आणि तिच्यात तथ्याचा अंश नाही असेही म्हणता येत नाही. परंतु तिच्या पोटात एक गृहीत गोष्ट दडलेली आहे : सैल होण्यापूर्वी हे नियम घट्ट होते, आणि जे घट्ट धरावयास हवे होते तेच त्यांनी धरून ठेवले होते. हे गृहीत तपासून पाहिले असता टिकत नाही. नियमांचा सारा पहारा बोलण्याच्या विषयावर होता. बोलणाऱ्याचे नाव आणि त्याच्या आवाजाचा पल्ला या दोन गोष्टी कागदावर नियमबद्ध असूनही प्रत्यक्षात मोकाट राहिल्या. या माध्यमावर त्याच काळात एक गीत व तीन चित्रपट लोकांसमोर आले. त्यांतील एकाच कृतीला या प्रश्नाचे मर्म उमगले होते, आणि नेमक्या त्याच कृतीकडे प्रेक्षकांनी पाठ फिरवली.

या सेवेचा आरंभ १९४५ सालचा. महायुद्ध संपत आले असता अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे तेथील संदेशवहन आयोगाने, ४६० ते ४७० मेगाहर्ट्झचा पट्टा सामान्य नागरिकांच्या खाजगी संभाषणासाठी राखून ठेवला. मूळ कल्पना उदार होती. शेतकऱ्याने शेतातून घराशी बोलावे, डॉक्टराने मोटारीतून दवाखान्याशी बोलावे आणि त्यासाठी त्यांना तारेची वा टेलिफोन कंपनीची गरज पडू नये, असा तिचा आशय होता. हाती धरून बोलावयाच्या संचाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या अ‍ॅल ग्रॉस यांनी यासाठी स्वतंत्र कंपनी काढली व १९४८ मध्ये त्यांच्या संचाला आयोगाची मान्यता मिळाली. मात्र एवढ्या उच्च कंप्रतेचे संच त्या काळी महाग पडत. म्हणून १९५८ च्या सप्टेंबरात आयोगाने हौशी रेडिओवाल्यांच्या वापरातला २७ मेगाहर्ट्झजवळचा पट्टा काढून घेतला आणि तेथे नागरिकांना २३ वाहिन्या दिल्या. हौशी मंडळी रुष्ट झाली, संच मात्र स्वस्त झाले. पुढे जे घडले त्यातील पुष्कळशा गोष्टींचे बीज या निर्णयात आहे. कारण २७ मेगाहर्ट्झच्या लहरींचा स्वभाव दुहेरी असतो. एरवी त्या काही मैलांच्या आत विरून जातात; पण सूर्यावरील डागांची संख्या वाढली, की वातावरणाच्या वरच्या आयनीभूत थरावरून परावर्तित होऊन हजार मैलांवर जाऊन उतरतात. शेजाऱ्याशी बोलण्यासाठी दिलेल्या पट्ट्यावर अधूनमधून परप्रांत ऐकू येणार, हे त्या पट्ट्याच्या निवडीतच ठरून गेले होते.

हौशी रेडिओवाल्यास परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागे; मोर्सची कडकट्ट शिकावी लागे. सिटिझन्स बँडच्या परवान्यास अठरा वर्षांचे वय, एक अर्ज आणि शुल्क एवढे पुरे होते. परीक्षेच्या जागी नियम होते, आणि ते वाचताना आज नवल वाटते. या रेडिओवर केवळ आवश्यक तेवढेच बोलावे. निव्वळ छंद म्हणून वा करमणुकीखातर बोलू नये. सलग पाच मिनिटांहून अधिक वेळ वाहिनी अडवू नये. दीडशे मैलांपलीकडच्या केंद्राशी संभाषण करू नये. बोलताना आयोगाने दिलेली अक्षरांची व अंकांची संज्ञा उच्चारावी. यंत्राची ताकद पाच वॅटच्या आत असावी, हेही त्यांत होतेच. आयोगाच्या दृष्टीने हा रेडिओ म्हणजे एक निरोप्या होता. निरोप सांगावा आणि निघावे.

निरोप आणि गप्पा यांची अशी फारकत कोणत्याही भाषिक समाजात करता येत नाही, ही गोष्ट आयोगाच्या कायदेपंडितांना सुचू नये याचे आश्चर्य वाटते. गावच्या पारावर बसलेला माणूस वाटसरूला पलीकडच्या ओढ्याच्या पाण्याविषयी विचारतो, ती गप्पा म्हणावी की कामाची चौकशी? पुढे मालमोटारीचे चालक एकमेकांना विचारीत ते याच जातीचे होते : रस्ता कसा आहे, वजनकाटा उघडा आहे काय, पोलीस कोठे उभे आहेत, आणि तुझा आवाज बरेच दिवसांत ऐकला नाही तो का. यातले पहिले तीन प्रश्न आवश्यक व चौथा अनावश्यक असे ठरविणारा अधिकारी प्रत्येक वाहिनीवर कान लावून बसला असता तरच हा नियम पाळला गेला असता. असा अधिकारी नव्हता, आणि असता तरी त्याचा निवाडा कोणी मानला नसता. नियम मोडणे ही नित्याची गोष्ट झाली. एक अशक्य नियम रोज मोडला जात असेल तर त्याच्या शेजारचे शक्य नियमही हळूहळू मोडले जातात. येथे तसेच झाले. संज्ञेचा नियम आणि ताकदीचा नियम हे दोन्ही पाळता येण्याजोगे व पाळण्यायोग्य होते. पण गप्पांवरील बंदीच्या सहवासात तेही उपहासास पात्र ठरले.

संज्ञेची जागा 'हँडल'ने घेतली. हँडल म्हणजे बोलणाऱ्याने स्वतःच स्वतःला दिलेले नाव. १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही 'फर्स्ट मामा' हे हँडल घेतले होते. मराठी वाचकाला टोपणनावाची परंपरा नवी नाही. राम गणेश गडकरी कवितेखाली गोविंदाग्रज झाले आणि विनोदी लेखांखाली बाळकराम झाले; प्र. के. अत्रे विडंबनासाठी केशवकुमार झाले. परंतु हे साम्य फार ताणता येत नाही. गोविंदाग्रज या नावाला एक ठिकाण होते. ते छापले जाई, त्या नावावर टीका होई, आणि त्या टीकेचे उत्तर कोणाकडे मागावयाचे हे वाचकांना ठाऊक असे. हँडल हवेत उच्चारले जाई आणि हवेतच विरे. ज्या मंडळात ते रोज उच्चारले जाई तेथे त्यालाही प्रतिष्ठा लाभे, कारण आवाज ओळखीचा असे व घरही बहुधा ठाऊक असे. मंडळाबाहेर पडताच मात्र तो केवळ मुखवटा उरे. टोपणनाव आणि मुखवटा यांतील हा भेद आवाजाच्या पल्ल्यावर अवलंबून होता, हे प्रस्तुत विषयात विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

लोकप्रियतेची लाट आली ती तेलटंचाईबरोबर. १९७३ च्या अखेरीस इंधन दुर्मिळ झाले. जानेवारी १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची राष्ट्रीय वेगमर्यादा कायद्याने आली. स्वतःची मालमोटार चालविणाऱ्यांनी रस्ते अडवून संप केले, आणि त्या संपांची जुळवाजुळव बव्हंशी याच रेडिओवरून झाली. जानेवारी १९७६ मध्ये सी. डब्ल्यू. मॅककॉल या नावाने निघालेले 'कॉन्व्हॉय' हे गीत अमेरिकेतील विक्रीच्या यादीत अग्रस्थानी गेले. मॅककॉल नावाचा कोणी मनुष्य नव्हता. ओमाहा येथील बिल फ्राइज या जाहिरातलेखकाने पावाच्या एका जाहिरातीसाठी निर्माण केलेले ते पात्र होते, आणि संगीत चिप डेव्हिस यांचे होते. मुखवट्याच्या माध्यमाचे गौरवगीत मुखवट्यानेच गावे, हा योगायोग मार्मिक म्हटला पाहिजे. गीताचा विषय म्हणजे वेगमर्यादा, पथकर व पोलीस यांना न जुमानता देशभर धावणारा मालमोटारींचा वाढता तांडा. त्यात बोलणारे अनेक आहेत, पण ऐकण्याची क्रिया कोठेच नाही. सर्वजण एकाच बाजूचे आहेत आणि शत्रू बाहेर आहे. माध्यमाच्या स्वतःच्या अंगात काही दोष असू शकेल, ही शंका त्या रचनेला शिवत नाही.

१९७७ चा 'स्मोकी अँड द बँडिट' हा हॅल नीडहॅम यांचा चित्रपट याच मनोवृत्तीचा, पण अधिक खेळकर. टेक्सारकानाहून अटलांटापर्यंत बिअरची चारशे खोकी अठ्ठावीस तासांत पोचविण्याची पैज हे त्याचे कथानक. रेडिओ येथे केवळ सोय आहे. चालकांची अदृश्य बिरादरी नायकाला वाट मोकळी करून देते. करमणूक म्हणून चित्रपट चांगला आहे. त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

त्या मानाने सॅम पेकिनपा यांचा 'कॉन्व्हॉय' (१९७८) विस्कळीत असूनही विचारार्ह आहे, आणि तो त्याच्या आरंभीच्या एका प्रसंगामुळे. लाइल वॉलेस हा शेरीफ 'कॉटनमाउथ' हे हँडल धारण करून रेडिओवर येतो, पुढचा रस्ता मोकळा असल्याची थाप मारतो, आणि तिला भुलून वेग वाढविणाऱ्या चालकांना पकडतो. कॉटनमाउथ हे एका विषारी सापाचे नाव आहे, पण ऐकणाऱ्यांना ते इतर हँडलांसारखेच एक वाटते. या एका प्रसंगात माध्यमाचे सारे मर्म उघडे पडते. ज्या निनावीपणाने चालकाला पोलिसापासून वाचविले, तोच पोलिसाच्या हातचे जाळे बनला. पेकिनपा यांनी हा धागा पुढे नेला असता तर एक गंभीर कलाकृती निर्माण झाली असती. तसे घडत नाही. प्रसंग संपताच चित्रपट पुन्हा तांड्याच्या धुळीत व मारामारीत शिरतो, आणि फसवणुकीचा दोष माध्यमाकडून काढून एका दुष्ट शेरीफच्या माथी मारून मोकळा होतो.

जोनाथन डेमी यांचा 'सिटिझन्स बँड' हा १९७७ चाच. पॉल ब्रिकमन यांची पटकथा असलेला हा चित्रपट पुढे 'हँडल विथ केअर' या नावाने न्यूयॉर्कच्या चित्रपट महोत्सवात दाखविला गेला, समीक्षकांनी वाखाणला, आणि चित्रगृहांत चालला नाही. युनियन नावाचे एक लहान गाव. तेथे ब्लेन हा तरुण 'स्पायडर' या हँडलने संकटकाळच्या संदेशांवर लक्ष ठेवणारा स्वयंसेवक आहे. नववी वाहिनी १९७० पासून आणीबाणीसाठी राखीव होती. तिच्यावर वाटेल ते बडबडणारे लोक पाहून ब्लेन संतापतो आणि एकेका अपराध्याचा माग काढीत त्यांच्या दारी जाऊ लागतो. कायद्याचा अधिकार त्याच्यापाशी नाही. शासनाने न केलेले काम तो स्वतःच्या अंगावर घेतो. नियमनाच्या शैथिल्यावर त्या काळात एवढा थेट रोखलेला दुसरा चित्रपट आढळत नाही.

डेमी यांचे यश असे, की ब्लेनला दारामागे राक्षस सापडत नाहीत. हवेत गरजणारा धर्मोपदेशक, वंशद्वेषाचे विष ओकणारा, कामुक फुशारक्या मारणारा पोरगा हे सारे समोरासमोर आले असता किरकोळ, एकाकी, बरेचसे भेदरलेले जीव निघतात. त्याहून बोचरी गोष्ट म्हणजे हे सत्य ब्लेनच्या घरातच आहे. त्याचा म्हातारा बाप घरी मुलाच्या प्रश्नाला धड उत्तर देत नाही, पण 'पापा थर्मोडाइन' या हँडलने रेडिओवर बोलू लागला की तो रसिक, प्रेमळ, हजरजबाबी होतो. ब्लेनला हवेतून धमक्या देणारा 'ब्लड' हा त्याचा सख्खा भाऊ ठरतो. 'इलेक्ट्रा' नावाने परक्या पोरांशी शृंगारिक बोलणारी बाई म्हणजे त्याचीच पूर्वीची प्रेयसी. 'क्रोम एंजल' या मालमोटारवाल्याच्या दोन बायका दोन गावी आहेत, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही. येथे मुखवटा हा सत्य लपविण्याचे साधन नाही. जे सत्य घरच्या माणसांसमोर उच्चारता येत नाही ते उच्चारण्याचे साधन आहे. हे पाहिल्यावर नियमनाचा प्रश्न वेगळाच दिसू लागतो. आयोग ज्यास निरर्थक गप्पा म्हणत होता तेच या लोकांचे खरे बोलणे होते. त्यांची कामाची बोलणी इतरत्र होतच होती. पावसात म्हातारा बेपत्ता होतो तेव्हा त्याला शोधण्यासाठी सारे गाव रेडिओवर एकत्र येते. भांडणारे, बडबडणारे आणि नियम मोडणारेच उपयोगी पडतात.

तरीही या कृतीची एक मर्यादा दाखविणे प्राप्त आहे, कारण तिच्या स्तुतीत ती सहसा झाकली जाते. ब्लेनचा उपाय लागू पडतो तो केवळ युनियन लहान गाव आहे म्हणून. तो आवाजाचा माग काढू शकतो, दार ठोठावू शकतो, आणि दारामागचा माणूस कोणाचा तरी भाऊ वा बाप असतो. ही सारी किमया अल्प ताकदीच्या लहरींची आहे. पाच वॅटच्या यंत्राने नकळत एक गाव आखून दिले आहे, आणि त्या गावात मुखवट्यामागचा चेहरा आज ना उद्या भेटतोच. चित्रपट याची कोठेही दखल घेत नाही. आवाज तीनशे मैलांवरून येत असता तर ब्लेनने कोणाचे दार ठोठावले असते? डेमी हा प्रश्न विचारीत नाहीत, आणि नेमका तोच प्रश्न त्यांचा चित्रपट पडद्यावर असताना वास्तवात उभा राहत होता.

आता घटनाक्रम पाहावा. १९७५ च्या मार्चमध्ये परवान्याचे शुल्क २० डॉलरांवरून ४ डॉलरांवर आले, आणि छंद म्हणून बोलण्यावरील बंदीही त्याच वर्षी उठली. पुढील वर्षी आयोगाने तात्पुरत्या परवान्याची सोय केली. खरेदीदाराने आपल्या नावाची आद्याक्षरे आणि टपालाचा विभागक्रमांक जोडून स्वतःच संज्ञा तयार करावी व लगेच बोलू लागावे. १ जानेवारी १९७७ रोजी शुल्क पूर्णपणे रद्द झाले, वाहिन्या २३ वरून ४० झाल्या, आणि त्या एका महिन्यात परवान्यासाठी सुमारे दहा लक्ष अर्ज आले. चाळीस वाहिन्यांच्या घोषणेमुळे तेवीस वाहिन्यांचे संच दुकानांत पडून राहिले, भाव कोसळले, आणि संच आणखी हातांत गेले. ही सैल सोडण्याची कृती खरी. पण तिच्यामुळे मोकळे झाले ते बोलणे, आणि बोलणे तर आधीपासूनच मोकळे होते.

खरी मोडतोड ताकदीच्या बाबतीत झाली. शंभर, पाचशे, हजार वॅटचे वर्धक सर्रास विकले जाऊ लागले. सिटिझन्स बँडवर चालू शकणाऱ्या अशा वर्धकांच्या उत्पादनाला आयोगाने बंदी घातली ती १९७८ मध्ये, म्हणजे पूर येऊन गेल्यावर. तिकडे सूर्याने आपले काम चालविले होते. लोकप्रियतेचे शिखर १९७६ च्या आसपासचे. तो सौर डागांचा नीचांक होता आणि पट्टा शांत होता. नंतर डाग वाढत गेले, १९७९ च्या अखेरीस त्यांचा उच्चांक झाला. हजार मैलांवरच्या शेकडो वाहकलहरी एकमेकींवर आदळून त्यांची शिट्टी पाच मैलांवरच्या मित्राच्या आवाजावर पसरू लागली. तिच्यावर मात करावयाची म्हणून माणूस वर्धक विकत घेई, आणि त्याचा वर्धक दुसऱ्या कोणाच्या कानात शिट्टी होई. संभाषणात शिरण्यापूर्वी 'ब्रेकर' असे म्हणून अनुज्ञा मागण्याचा एक सुंदर शिष्टाचार या लोकांनी स्वतःच घडविला होता. ज्याला दुसरा ऐकूच येत नाही तो अनुज्ञा कोणाकडे मागणार? शिष्टाचार अनीतीमुळे बुडाला असे म्हणतात. वस्तुतः तो अंतराच्या अभावाने बुडाला.

ब्रिटनचे उदाहरण या विवेचनाला पोषक आहे. तेथे सिटिझन्स बँड बेकायदा होता. चोरून आणलेल्या संचांवर तो फोफावला, आणि २ नोव्हेंबर १९८१ रोजी तो कायदेशीर झाला. परवाना आणि शुल्क ही दोन्ही बंधने तेथे २००६ पर्यंत टिकली. तरीही कायदेशीर होताच काही वर्षांत तेथील उत्साह ओसरला. परवाना राखल्याने माध्यम वाचते असते तर ते ब्रिटनमध्ये वाचावयास हवे होते.

अमेरिकेत वैयक्तिक परवान्याची पद्धत १९८३ च्या एप्रिलमध्ये बंद झाली. १९८२ च्या एका कायद्याने आयोगाला तशी मुभा दिली होती. संज्ञा उच्चारण्याची सक्ती तिच्याबरोबर गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिकागो येथे पहिली व्यापारी सेल्युलर टेलिफोन सेवा सुरू झाली. निरोप पोचविण्याचे जे काम आयोगाने १९४५ मध्ये या रेडिओला नेमून दिले होते ते आता दुसरे यंत्र अधिक चांगले करू लागले, आणि रेडिओपाशी उरल्या त्या केवळ गप्पा. त्यांना आवश्यक असलेले शेजार तोवर नाहीसे झाले होते.

अद्यापि एकोणिसाव्या वाहिनीवर मालमोटारवाले अपघाताची व कोंडीची वार्ता देतात, आणि सहाव्या वाहिनीवर प्रचंड ताकदीचे हौशी लोक देशभर एकमेकांवर मात करू पाहतात. २००० साली राज्यांना व स्थानिक शासनांनाही या नियमांच्या अंमलबजावणीचा अधिकार देण्यात आला. दूरच्या केंद्राशी बोलण्यावरील बंदी आयोगाने २०१७ मध्ये उठविली. भारतात या पट्ट्यातील अल्प ताकदीच्या संचांना परवान्यातून सूट मिळाली ती २००५ मध्ये, भ्रमणध्वनी खेडोपाडी पोचू लागला असताना. त्या नियमाने ताकदीची कमाल मर्यादा पाच वॅट ठेवली. अमेरिकेत २०२१ मध्ये आयोगाने या वाहिन्यांवर एफएम पद्धतीला मान्यता दिली. या पद्धतीत दोन लहरी एकाच वेळी आल्या तर शिट्टी होत नाही. प्रबळ लहर तेवढी ऐकू येते. शेजाऱ्याचा दुबळा आवाज जुन्या पद्धतीत शिट्टीच्या आडून निदान चाहूल तरी देत असे. नव्या पद्धतीत तो आला होता हेही कळावयास मार्ग नाही, आणि मान्यता देतानाही ताकदीवरील अंमल होता तेथेच राहिला.